तेव्हा कुठे होती?

मरोळच्या चौथ्या मजल्यावर माझं टेबल.
नऊ चित्रपट, एक विश्व, आणि एक लांबट वही
वाण्याकडे उधारीची असते तशी.
तिच्यात मी लिहून ठेवते
घणाघातचा कुठला खांदा निखळला होता,
तडितेच्या आईचं माहेर कुठलं,
कोण मेलं, आणि मेलेलं कोण परत आलं,
कितव्या भागात, कुठल्या सबबीवर.

आता नवी आली आहे. ओहोटी.
तळहात पुढे केला की समुद्र मागे सरतो.
उन्मेषने ती एका रात्रीत लिहिली आणि सकाळी
माझ्यापुढे पान ठेवून म्हणाला, "बसव हिला."

बसवायचं म्हणजे
शिधापत्रिकेत नाव चढवायचं.
आधीची माणसं दारात उभी राहून पुरावा मागतात:
तिसऱ्या भागात समुद्र दादरपर्यंत आला,
घणाघात एकटा पुलाला खांदा देऊन उभा होता,
तेव्हा ही बाई कुठे होती?

लहान होती, म्हणालं कुणीतरी. वय जुळेना.
कोमात होती. कोमात आधीच दोघं आहेत.
नागपूरला मावशीकडे होती, बिलिमोरिया म्हणाले,
स्वतःच हसले, मग हसायचे थांबले,
म्हणाले, "वाईट नाही."

मी तिसरा भाग पुन्हा काढला, फट शोधायला.
एकेचाळिसाव्या मिनिटाला गर्दी पळते.
चारशे माणसं, चपला, किंकाळ्या, एक बकरी.
आणि डाव्या कोपऱ्यात पोपटी साडीतली एक बाई
पळत नाही.
कमरेवर हात ठेवून वर बघते आहे.
मी पाच वेळा मागे नेलं, पाचही वेळा ती उभी.

हजेरीपटात नाव सापडलं: द्वारका भोईर, भांडुप.
गेले. मिठागरांच्या अंगाची गल्ली,
दारात सुकट पसरलेली.
माझ्या फोनवर तिनं स्वतःला पाहिलं.
साडी बहिणीची होती, एवढंच आधी म्हणाली.

"पळाला का नाहीत?"
"कशापासून पळू? समोर निळा पडदा टांगलेला.
आणि वर बघ ना, चंद्र बघ.
अर्धा, बुडायला टेकलेला. म्हणजे अष्टमी, भांग.
त्या घटकेला पाणी पार तळाला असतं.
माझा बाप मिठागराची उघाडी राखायचा,
तो गेल्यावर लोक मला विचारून दार उघडायचे.
अष्टमीच्या रात्री कुठला समुद्र
दादरला येतो, बाय?"

अकरा वर्षं मी जखमा मोजल्या,
घड्याळाचे काटे जुळवले, शर्टाची बटणं.
चंद्र तसाच राहिला होता, चौकटीत, डोक्यावर.

निघताना ती म्हणाली, त्या रात्रीचे साडेसातशे
अजून आले नाहीत. मुकादम म्हणाला,
तू पळालीच नाहीस, तर पैसे कशाचे?

ऑफिसात सगळ्यांना आवडलं. फारच.
तिसऱ्या भागात पाणी शेवटी आपोआप ओसरतं
कारण लांबी संपत आली होती, दुसरं काही नाही.
आता कारण मिळालं. ती तिथेच होती,
कुणाला न सांगता समुद्र धरून.
उन्मेषच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं.
बिलिमोरिया म्हणाले, त्या कोपऱ्यात
आपल्या नव्या मुलीचा चेहरा चढवू,
संगणकावर दोन दिवसांचं काम.

साडी तीच राहील. बहिणीची.

सगळे गेल्यावर मी वही उघडली, लिहिलं:
भाग तिसरा, मिनिट एकेचाळीस, रात्र, अर्धा चंद्र.
ओहोटी होती.

आणि खाली, रेघ मारून,
द्वारका भोईर, भांडुप.
साडेसातशे. देणे बाकी.