चार हजार दोनशेचा डोळा

आधी पैसे मोजले.
तांदळाच्या डब्यातले, दिवाळीच्या बोनसातले,
आणि मेहुण्याने तीन वर्षांनी परत केलेले बाराशे,
ज्यांच्यावर मी पाणी सोडलं होतं.
एकूण साडेचार हजार.

तवसाळच्या धक्क्यावर तिकिटं फाडणारा माणूस मी.
बोटीच्या दोन फेऱ्यांमधल्या वेळात
महिनाभर एकच अभ्यास केला:
रात्री खाडीत कोण येतं ते दाखवणारा कॅमेरा.
सगळी खोकी हिरवी-तपकिरी, सगळ्यांवर
कुठलंसं परदेशी हरीण, बर्फात उभं.

रत्नागिरीत नवनीत पोटफोडेचं दुकान.
म्हणाला, काका, मेगापिक्सेलच्या नादी लागू नका,
चोवीस लिहिलंय तिथे तीन समजा,
सोलल्यावर कोळंबी उरते तेवढे.
विचारायचं ते हे, की समोरून कोणी गेलं
तर हा किती वेळात जागा होतो?

एक सेकंद, म्हणाला, या स्वस्तातल्याला.
एका सेकंदात पाणमांजर काठावरून पाण्यात,
आणि फोटोत फक्त ओला दगड.
अर्ध्या सेकंदाचा दाखव म्हटलं.
मग झाकणाची रबरी कड नखाने दाबून पाहिली,
दोनदा. आमच्याकडची हवा
सायकलची घंटी वर्षात खाते.

राहिला उजेड.
एक अजिबात न दिसणारा, साडेसात हजार.
दुसरा लाल, विडीच्या टोकाएवढा,
चार हजार दोनशे.
"लाल दिसतो जनावरांना. बुजतात."
म्हटलं, साडेसात हजार ऐकून मीच बुजलो.

कार्ड जुन्या मोबाइलमधलं निघालं.
सेल आठ, वीसला एक.
उरलेल्या पैशात एसटीचं भाडं आणि अर्धा वडापाव,
म्हणजे वडा मी खाल्ला, पाव खिशात आणला.

तिवराच्या बुंध्याला बांधला,
भरतीच्या खुणेपासून हातभर वर.
पहिल्या रात्रीचे फोटो नऊशे तेरा.
नऊशे तेरा वेळा एकच मारांडीचं झुडूप,
वाऱ्यात, जरा डावीकडे, जरा उजवीकडे.
झुडूप छाटलं. तोंड उत्तरेला फिरवलं.
मग एक कोल्हा, अर्धा.
मग आमच्या धक्क्यावरचा कुत्रा,
दिवसा माझ्याकडे बिस्किट मागणारा,
रात्री मला अजिबात न ओळखणारा.

पाचव्या रात्री, तीन वाजून बारा मिनिटं.
तीन पाणमांजरं!
एकाच्या तोंडात मासा, शेपटी अजून वळवळत असावी,
तेवढी पुसट आलीय.
एक सरळ लाल उजेडाकडे बघतंय.
बुजलेलं वगैरे नाही,
तिकीट तपासणाऱ्यासारखं.

आणि चार चाळीसला जुबेदा होडेकर.
ओहोटीला कालवं फोडायला उतरलेली,
कपाळाला बॅटरी, हातात कोयती, पदर खोचलेला.
एका फोटोत वाकलेली.
पुढच्यात ताठ.
पुढच्यात माझ्या दिशेने बघणारी.
मग फक्त चेहरा, अति जवळून, पांढराफटक.
मग नुसता तळहात.

मी कार्ड काढून दिवसभर खिशात ठेवलं.
बायकोलाही दाखवलं नाही.

दुपारच्या फेरीला ती टोपली घेऊन आली.
"तुझाच ना तो? लाल होता म्हणून कळलं मला.
बिनउजेडाचा असता तर?"
मला साडेसात हजारांचा तो डबा आठवला,
काचेमागे, काळा, काहीच न दाखवणारा.
तिच्यासमोर पाचही फोटो पुसले.
तिने प्रत्येक वेळी मान हलवली,
जणू सुटे पैसे मोजून घेतेय.

मग विचारलं, उदं किती दिसली?
तीन म्हटलं.
"चार आहेत. चौथं म्हातारं आहे,
एका डोळ्याने अधू. घोळक्यात जात नाही.
तुझ्या त्या तिवराच्या मागच्या अंगाला बसतं,
शिंपले फोडत."

बोटीचा भोंगा झाला. तिचं तिकीट फाडलं.
म्हणजे पाच रात्री
मी ज्याची वाट बघत होतो
ते कॅमेऱ्याच्या पाठीशी बसून
त्याच्यासारखंच समोर बघत होतं.

सेल उतरत आलेत.
अजून तोंड फिरवलेलं नाही.