खटका

बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्याला चार भोकं,
मधे फिरता खटका,
ग्रिम्सबीच्या जुन्या बाजारात पन्नास पेन्सला मिळालेला.
एकवर छपरावरून ओढलेली लांब तार,
दोनवर माळ्यावरचं तारेचं कडं,
तीनवर जमीन.

डाग बसेना. कथील मण्यासारखं घरंगळायचं.
डब्यावरचा किल्ल्याचा रंग खरवडला, तेव्हा कुठे धरलं.

मग तांब्याची कांब.
जूनपासून थेंब नाही, चिकणमाती भेगाळलेली,
दोन फुटांवर वीट.
हातभर सरकून पुन्हा ठोकायला लागलो.
कुंपणापलीकडून डोरीन: "कुणाला पुरतोयस, हेरंब?"
म्हटलं, खरखरीला.
ती हसली नाही.
घरात गेली, बादली घेऊन आली.
"ओत. विल्फ उन्हाळ्यात असंच करायचा."

विल्फ ट्रॉलरवर वायरलेस सांभाळायचा,
हे मला अकरा वर्षांत आज कळलं.

रात्री खरखर बसली,
दूध उतू जाता जाता गॅस बंद करावा तशी.
एकवर कुणी बाई, बहुधा नॉर्वेची,
सावकाश आकडे वाचत होती. वारा असावा, लाटा असाव्यात.
दोनला समुद्रावर वीज चमकली.
खटका तीनवर. कट्.
अंथरुणात पडून कांबेचा विचार करत राहिलो,
ती बाहेर एकटी, भिजत.

सकाळी डोरीन कुंपणाशी.
"काही आलं का?"
"हवामान."
"आणि माशांचं?"
"माशांचं नाही."
तिनं मान हलवली.
रात्रभर पाऊस झाला होता, माती अजून पाझरत होती,
तरी कांबेच्या बुडाशी
तिनं आख्खी बादली ओतली.