न उघडलेला भाता

माझं काम अकॉर्डियन उघडायचं.
कास्तेलफिदार्दोच्या उतरत्या गल्लीत, बावन्न वर्षं.
आत बघितल्याशिवाय मी कुठल्याच वाद्याला
बरं होशील म्हटलं नाही.

आणि आता अंकोनात, उजेडाच्या पाटीवर
माझाच भाता. उजवीकडे, वरच्या घडीत
भिजल्या हरभऱ्याएवढा पांढरा ठिपका.
सुईने नाव आधीच सांगून टाकलेलं.
नळीत फुंका, म्हणाली पोरगी. फुंकलं.
आकडा आला धड ना इकडचा, ना तिकडचा,
म्हणून तर निवड माझ्या गळ्यात पडली.

डॉक्टर तार्सींनी कागदावर फुफ्फुस काढलं,
वरच्या खंडावर रेघ मारली : एवढं काढू.
शेजारच्या गाठीही काढू, काचेखाली बघू,
पसरलंय का ते तेव्हाच नक्की कळेल.
मग बरगड्यांत कळ, काही महिने. जिन्यावर दम.
त्यांची नखं माझ्यासारखीच आखूड.
मला माणूस आवडला.

तिसऱ्या मजल्यावर डॉक्टर जाक्केत्ती.
हातात हत्यार नाही, गार झालेली कॉफी.
पाच फेऱ्या, दिवसाआड. टाका नाही.
किरण दहा दिशांनी येतात, एका ठिपक्यावर भेटतात.
ठिपका मात्र राहील तिथेच, वण होऊन.
मेलेला की झोपलेला?
फोटो काढत राहायचं, म्हणाली. वर्षानुवर्षं.
आणि दोन्हींत सरस कुठलं?
धडधाकट माणसाला आम्ही अजून सुरीकडेच पाठवतो.
तुम्ही उंबरठ्यावर आहात, नीवेसबाई,
आणि उंबरठ्यावरच्यांची नीट तुलना
अजून कुणाच्या हाती नाही.
खोटं बोलली नाही. तीही आवडली. पंचाईत.

घरी सिल्वानो म्हणाला, मुळासकट काढ, मोकळी हो.
मुळासकट हा त्याचा लाडका शब्द.
परसात दर वर्षी तेच गवत उगवतं.

त्या रात्री दुकानात बसले,
मांडीवर लग्नांत वाजवून वाजवून फाटलेला भाता.
कातडं कापण्याआधी पेन्सिलीने
तीन ठिपके दिले, नेहमीसारखे.
कापलं नाही.

मंगळवारी माझ्या छातीवर तीन ठिपके गोंदले, निळे.
यंत्र फिरतं. काचेमागून कुणी म्हणतं,
श्वास घ्या. धरा.
भाता भरून, सूर न काढता, तसाच धरायचा :
हे मला येतं.

आत न बघता झाकण लावणं
अजून येत नाही.