फुगवटा

आयर्विनखाली पाणी किती, हे सांगायचा मला पगार मिळतो.
दर तासाला आकडा, फुटांत आणि इंचांत.
रजिस्टरला निळी शाई, इशाऱ्याच्या वर गेलं की लाल.
फोनवर माणसं नमस्कारसुद्धा म्हणत नाहीत,
थेट विचारतात, "मॅडम, किती?"

माझं दुसरं रजिस्टर कुणी विचारत नाही.
डायरीची मागची पानं :
काल अकरा वेळा, आज नऊ.
रक्त असेल तर शेजारी एक टिंब.
आठ वर्षांची टिंबं.
मुल्ला शिपायाला वाटतं, मी दुधाचा हिशेब ठेवते.

त्या आठवड्यात टिंबं पानात मावेनात
आणि डावी पोटरी दगड झाली.
भूपाल म्हणाला, खुर्चीत बसून बसून आलंय.
तिळाचं तेल कोमट करून चोळायला बसला,
आणि मध्येच थांबला.
"हा पाय तापलाय. तो नाही."

मिरजेत डॉक्टर शिरगुप्पे आधी ओरडलेच :
चोळायला कुणी सांगितलं?
मग काळ्या पडद्यावर ती जागा दाखवली,
वरून दाबलं तरी शीर मिटत नव्हती.
गुठळी.

पण डॉक्टर, माझं तर रक्त जातंय.
"जातंय ना. आतडं भडकलं की रक्त बिथरतं,
इकडं वाहतं, तिकडं साकळतं.
आठ वर्षांत कुणी बोललं नाही?"

तिखट बोलले, मैदा बोलले,
टेन्शन घेऊ नका बोलले. एक जण तर ग्रह बोलला.
हे नाही.

खाली धरण तुंबलं की वरच्या गावात पाणी चढतं
त्याला आमच्या खात्यात फुगवटा म्हणतात.
चढतं, नाही चढत,
दोन राज्यं भांडतात त्या शब्दावरून.
मी तो शब्द रोज टाइप केलाय
आणि साडीच्या काठाखाली
बघितलं नाही.

आवळेसिस्टर सकाळी टेप लावते,
पेनाच्या खुणेवर, गुडघ्याखाली चार बोटं.
आणि फोनच्या पलीकडची बाई होऊन मीच विचारते,
"सिस्टर, किती?"
"एक्केचाळीस."
काल साडेएक्केचाळीस.

आता घरी.
साखरेतली मुंगी कागदावर घेऊन
अंगणात सोडणारा माझा नवरा
रोज रात्री नऊला माझ्या पोटात सुई घालतो.
पहिल्या दिवशी त्याने आधी हात धुतले, मग परत धुतले.
रक्त पातळ करायचं, आणि ते गळतंय तिथून गळूही द्यायचं नाही,
ह्या दोन्हीचं कसं जमवायचं
ते डॉक्टरांनाही रोज नव्याने ठरवावं लागतं.

आज सात वेळा. टिंब आहे, बारीक.

रात्री कक्षातून मुल्लाचा फोन :
"मॅडम, लाल पेन कुठं ठेवलाय?"