रिकामा रकाना

हर्णै बंदरात, बर्फ कारखान्याच्या मागे
सोसायटीची खोली. खोलीत लोखंडी कपाट,
कपाटाखाली चार विटांवर सर्व्हर,
उधाणाला पाणी उंबऱ्याशी येतं म्हणून.
खाऱ्या हवेनं स्क्रू खाल्लेत.
झाकण सुतळीनं बांधलंय.

कुठली नौका कधी गेली, डिझेल किती,
बर्फाच्या लाद्या किती, खलाशी किती,
परत कधी: सगळं त्याच्या पोटात.
चेअरमन कालेकर म्हणतात,
आपला हिशेब आपल्या खोलीत.
खरं आहे. मग भोकंही आपलीच.

मंगळवारी कळलं, एक भोक सापडलंय.
कुणीही यावं, आकडे बदलून जावं, इतकं मोठं.
सोबत पॅच आला होता, फुकट,
कुठल्या तरी देशात कुणी तरी जागून शिवलेला.
म्हटलं, अर्धा तास बंद ठेवावं लागेल.
कालेकर म्हणाले, कुठला अर्धा तास?
पहाटे डिझेल, दुपारी हिशेब, संध्याकाळी लिलाव.
शेवटी भिंतीवरचं भरतीचं कोष्टक बघून ठरलं:
एकादशीची ओहोटी, रात्री दोन ते अडीच,
तेव्हा कुणी किनाऱ्याला लागत नाही.

आधी बॅकअप. दोन घेतले,
एक डब्यात तांदळात पुरला, दमट हवेसाठी.
बाहेर बशीरचाचा कलाफतीला बसलेला,
त्याला झोप नसतेच,
फळ्यांच्या सांध्यात तेलातला कापूस ठोकत.
काय गो, तू पण भोकंच बुजवतेस?
म्हटलं, तसंच.
तसंच नाय, म्हणाला.
आम्ही होडी वर ओढून घेतो.
तुझी पाण्यात आहे.
आणि पुन्हा ठोकायला लागला.

सदतीस टक्क्यांवर अडलं.
लाल अक्षरांत जे म्हणालं ते थोडक्यात असं:
रकाना रिकामा आहे. यापुढे चालणार नाही.
ओळ चार हजार एकशे नऊ.
नौका हिरावती. तांडेल धाकू चोगले. खलाशी सहा.
बर्फ चाळीस लाद्या.
गेली: अठरा नोव्हेंबर, पहाटे चार दहा.
परत आली:

त्याला एक वेळ हवी होती. कुठलीही.
शून्य चाललं असतं. आजची तारीख चालली असती.
ओळच पुसली तरी त्याची हरकत नव्हती.

पण गुणाबाई चोगले दर पाडव्याला येते,
हिरावतीची वर्गणी भरते, एकशे एक रुपये,
आणि पावतीवरचं नाव अक्षर लावून वाचते.
एकदा छपाईत वेलांटी गेली होती.
ती उठली नाही. दुसरी पावती काढायला लावली.

दोन बावीस.
जुनं परत चढवलं, भोकासकट.
मग पॅचचीच फाईल उघडली,
कुणा परक्याचा नेटका टाका उसवला
आणि माझी एक ओळ घातली:
हा रकाना रिकामा असू शकतो.
बोट कीबोर्डवर, कान बाहेरच्या ठोक्यावर,
सदतीस, अडतीस,
एकाहत्तरला जरा थांबलं,
शंभर.

दोन एक्कावन्न. एकवीस मिनिटं उशीर.
कालेकरांचा फोन नाही, म्हणजे झोपलेत.

पुढचा पॅच येईल तो माझ्या ओळीशिवाय येईल.
त्याच्या पुढचाही.
दर वेळी हातानं घालावी लागेल.
कपाटाच्या दाराला आतून कागद चिकटवलाय:
आधी ४१०९ बघ.
उद्या इथे दुसरं कुणी बसलं
तर विचारील, का. तेही लिहायला हवं होतं,
कागद लहान होता.

चारला दार वाजलं. विशीतला एक तांडेल,
कॅन हातात, डोळ्यांत झोप.
मशीन चालू हाय ना?
चालू आहे, म्हटलं. नाव सांग नौकेचं.
खलाशी किती? बर्फ?
त्यानं सगळं सांगितलं, मी टाकत गेले.
एवढंच?
एवढंच, म्हटलं.
शेवटचा रकाना आल्यावर.