टिंब

सव्वीस वर्षं मी ही नावं रंगवतोय.
पंधरा डिसेंबरला, ऊन उतरल्यावर.
शून्य नंबरचा ब्रश, काळ्या ऑइलपेंटची लहान डबी,
खाली अंथरायला खताचं रिकामं पोतं.
आधी वडील रंगवायचे. ते दुकानांच्या पाट्याही करायचे,
मी आता नुसत्या नंबरप्लेटा, आणि ही अकरा नावं.

भिवरवाडीचा खांब एसटीच्या थांब्याला लागून.
वर्षभर लोक त्याला टेकून साताऱ्याच्या गाडीची वाट बघतात,
उन्हाळ्यात पायरीवर कुणी कलिंगडं मांडतं.
डिसेंबर लागला की ग्रामपंचायतीला आठवतं,
मग चुना, मग पताका, मग कोरेगावहून स्पीकर.

अकरांत सातवं नाव
शिपाई किसन बाबू वायदडे.
दगडात असंच आहे. टाकी द-वरून पुढं गेली
आणि टिंब राहून गेलं.
म्हणून दर साली मी ते रंगानं देतो
आणि दर पावसाळा ते धुऊन नेतो.
बाकीची नावं नुसती फिकी होतात.
हे एकटं चुकीचं होतं.

मी बसलो की सर्जेराव पिसाळ येऊन बसायचे.
नाईक, रिटायर. काठी मांडीवर आडवी.
सहा नावं होईपर्यंत आल्याचा भाव, पेन्शन,
नातवाची भरती, सोळाशे मीटरला दम कसा तुटतो ते.
सातव्याला गप्प.
टिंब दिलं की म्हणायचे, "हां."
आणि उठायचे.
उरलेली चार मी एकट्यानं करायचो.

औंदा नवा खांब आला.
काळा ग्रॅनाइट, मशीननं कापलेली सोनेरी अक्षरं,
खाली देणगीदार, शहिदांपेक्षा दोन जास्त.
वायदंडे, टिंबासकट.
सरपंच म्हणाले, सुटलास बाबा तू.
जुना दगड तालमीमागं, बाभळीला टेकवून,
त्यावर कुणाचं तरी धोतर वाळत होतं.

तरी पंधरा तारखेला निरोप आला,
ब्रश घेऊन ये.

गेल्याच महिन्यात बँकेत, हयातीच्या दाखल्याला,
मशीननं त्यांचा अंगठा तीनदा परत केला होता.
"मशीन म्हनतंय मी न्हाई," हसले होते रांगेत.
"किसनचा उठला असता बग.
त्यो अजून बावीसचाच हाय."

तालमीमागं अंधार पडलेला.
मोबाइलची बॅटरी मी धरली, धोतर त्यांनी बाजूला केलं.
म्हटलं, नाना, तिकडं बरोबर झालंय आता,
लोक तेच वाचणार.
बराच वेळ काही बोलले नाहीत.
मग म्हणाले,
"पाथरवटाला नावं मी लिवून दिली हुती.
सुट्टीवर आल्तो. बिडीच्या पुड्यावर, घाईत.
दगडवाल्यानं न्हाई इसरलं त्ये."

थांबले.
"त्याची आय हात फिरवायची ह्यावर. वाचता येत नव्हतं तिला.
मला येत हुतं."

सव्वीस वर्षं मी त्या पाथरवटाला
मनातल्या मनात शिव्या दिल्या होत्या.

ब्रश बुडवला.
त्यांनी माझा हात धरला, ब्रश नव्हे,
डबीतच अंगठा घातला
आणि द-वर टेकवला. दाबून धरला.
एवढं मोठं टिंब कुठल्या लिपीत नसतं.
त्यात रेषा उठल्या का ते मी पाहिलं नाही,
बॅटरी हलत होती.
रॉकेल होतं माझ्याकडं, फडकं होतं.
"ऱ्हाऊ दे," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी पाहुणे दीड तास उशिरा.
शाळेचा बँड उन्हात, वीरपत्नींना नारळ नि साडी,
स्पीकरला मध्येच खरखर.
मी कडेला, एसटीची वाट बघणाऱ्यांत.
नव्या दगडापुढं पिसाळ नाना ताठ झाले,
टोपीच्या कडेला हात गेला,
चार बोटं सरळ, जुळलेली,
आणि त्यांना चिकटून
काळा अंगठा.