खिशाचं अस्तर

एकोणसत्तर युरो.
सुपरमार्केटच्या मधल्या रांगेत
झाडं छाटायची कात्री आणि कुत्र्याची गादी
यांच्या मध्ये ती ठेवली होती.
वजनाला एखाद्या बऱ्यापैकी कॉड माशाएवढी.
खोक्यावर हसरी बाई, तिच्या बोटांखालून
फुलाफुलांचं कापड सरळ रेषेत चाललेलं.
तिथेच मला संशय यायला हवा होता.

पेनिशच्या धक्क्यावर चाळीस वर्षं मी जाळी सांधली.
लाकडी सुई, नायलॉनचा दोर, टोक दातांत.
वारा कुठूनही असो, डोळे मिटून गाठ.
मग मणका सरकला. डॉक्टर म्हणाले,
बसून करता येईल असं काहीतरी बघा, अदेलिनु.
तर हे बघितलं.

पहिला आठवडा नेढं सापडण्यात गेला.
पेडलला पाय लागला की ती सुटायची,
टेबल थरथरायचं, मांजर फ्रिजवर,
आणि कापड उलटून पाहावं तर खाली
चिमणीनं बांधावं तसं दोऱ्याचं घरटं.
शेजारची लिउनोर दारातूनच म्हणाली,
ओढू नकोस रे. ते जातं आपलं आपण.
तू नुसता हात ठेव.

आयुष्यभर मी ओढण्याचेच पैसे घेतले होते.

आणखी एक: ही गाठ मारत नाही.
वरचा दोरा वरून येतो, बॉबिनचा खालून,
कापडाच्या जाडीत कुठेतरी दोघे एकमेकांत अडकतात
आणि आपापल्या बाजूला परत.
ताण जमला तर एकाला दुसरा दिसतसुद्धा नाही.
चाकावर चार ठेवा, असं पुस्तिकेत लिहिलंय.
माझ्या मते साडेतीन.

पडद्याची कड झाली. उशीचे दोन अभ्रे.
लिउनोरच्या नातवाची फुटबॉलची चड्डी.
जीन्सच्या चौपदरी शिवणीवर सुई मोडली,
ती काडेपेटीत ठेवली आहे, का ते विचारू नका.

मग कपाटातून इदालीनाचा कोट काढला.
ती ल्योंला, ऑफिसं झाडते पहाटे चारपासून.
नाताळात आली तेव्हा म्हणाली, खिसा फाटलाय,
टाकून दे, तिकडे मला नवा मिळालाय.
मी टाकला नव्हता.

फाटक्या खिशातून वस्तू पडत नाहीत, उतरतात.
अस्तर उसवलं तर तळाशी, घेराच्या दुमडीत,
ट्रामची तिकिटं, पेपरमिंट, वीस सेंट,
आणि चार घड्या घातलेली एक पावती.
फ्रेंच मला येत नाही.
पण सोनं हा शब्द कळतो, नग दोन हेही कळतं,
आणि तारीख तर सगळीकडे सारखीच:
माझ्या ऑपरेशनच्या आधीचा मंगळवार.
जादा पाळ्या केल्या, म्हणाली होती फोनवर.
आणि कानातली? मोरीत गेली, म्हणाली होती,
साबणाच्या पाण्याबरोबर.

मशीन चालू होती. तिचा छोटा पिवळा दिवा
सुईवर, पावतीवर, माझ्या अंगठ्यावर.
बराच वेळ मी पेडलवर पाय ठेवला नाही.
टिपं गाळायचं वय नाही हे. टीप मारावी.
पावती होती त्याच घड्यांवर दुमडली,
होती तिथेच परत सरकवली,
आणि खिसा दुहेरी शिवला, कडेला उलटी टीप,
मग अस्तर. अस्तराला जरा हात कापला.

ऑगस्टमध्ये आली. उकाड्यातच कोट चढवून
आरशासमोर उभी राहिली, खिशात हात घातला,
तळापर्यंत नेला, बोटं चाचपत तिथेच राहिली.
हा शिवलास तू?
हो.
अस्तरसुद्धा?
हो.
तिनं कोटाचा घेर उलटून पाहिला.
ती शिवण मधे एके ठिकाणी बोटभर वाकडी गेली आहे,
वाकून, थोडी थांबून, पुन्हा रस्त्याला लागलेली.
माझ्याकडे न बघता तिनं विचारलं,
इथे काय झालं?

स्वस्तातली मशीन आहे, मी म्हणालो.